भुलीआधीचा प्रश्न

मी आयुष्यात कुणाला कापलं नाही, कुणाचं बाळ ओढून बाहेर काढलं नाही. मी फक्त झोपवायची. ठाणं, कल्याण, डोंबिवली, कधी पार शहाडपर्यंत, जिथे कुठे बाई अडलेली असेल आणि डॉक्टरांना चिमटा लावायचा असेल तिथून निरोप यायचा, भूलवाल्या बाईंना बोलवा. मग मी जाळीचा मास्क, गॉझच्या घड्या आणि ईथरच्या दोन बाटल्या पिशवीत भरून निघायची. लोकांना वाटायचं, काय मजा आहे हिची, नुसतं बसून थेंब टाकायचे. बसून! अहो, पेशंटच्या डोक्याशी वाकून तास-दीड तास उभं राहायचं, एका हाताने तिची हनुवटी वर धरायची, दुसऱ्या हाताने मास्कवर थेंब, डोळे तिच्या श्वासाकडे. निम्मं ईथर तिच्या नाकात जायचं आणि निम्मं माझ्या. घरी आले की आई दारातूनच सांगायची, आधी न्हाऊन ये, मग जेवायला बस. न्हाऊन आले की भूक मेलेली असायची.

तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. माझं वय तिशीच्या आतबाहेर, लग्न नाही, आणि दमणूक साठ वर्षांच्या बाईची. रविवार नाही, सणवार नाही. बायका काय पंचांग बघून अडतात? मी कुरकुर करायची नाही, पण मनातून इतकी कंटाळलेली असायची की कुणी 'कशा आहात' विचारलं तरी राग यायचा.

त्यातच नौपाड्यातल्या प्रसूतिगृहाचे मोठे डॉक्टर मुंबईला जाऊन कमरेत सुई देऊन भूल द्यायचं शिकून आले. पद्धत अगदी नवी होती असं नाही, पण आमच्याकडे नवीच. पाठीच्या दोन मणक्यांमधून बारीक लांब सुई घालायची, औषध सोडायचं, पाच मिनिटांत कमरेखाली सगळं बधिर. बाई जागी राहते, बोलते, नंतर ओकाऱ्या नाहीत, वास नाही. चांगलीच होती पद्धत, मी कशाला खोटं बोलू? फक्त तिच्यात माझं काही काम नव्हतं. सुई डॉक्टर स्वतःच द्यायचे. मला बोलवायचे ते 'असू द्या जवळ' म्हणून. म्हणजे सुई लागू पडली नाही तर मी. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून राहायची आणि मनातल्या मनात म्हणायची, इतकी वर्षं कंबर मोडली ती याचसाठी का ग बाई?

त्या दुपारीही मी अशीच 'जवळ असायला' गेलेले. उन्हाळा होता. टेबलावर एक बावीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून कळा देऊन थकलेली. बाळाचं डोकं अडलं होतं, चिमटा लावायला हवा होता. मुलीचे वडील नौपाड्यातच शाळेत मास्तर होते. आई लहानपणीच गेलेली, घरी एक धाकटी बहीण, आणि त्या धाकटीचं लग्न जुळत आलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेरी करणारं बाईमाणूस नाही, म्हणून मुलीची सासू कल्याणहून येऊन मास्तरांच्या घरी राहिली होती. अशी सासू मिळायला भाग्य लागतं, असं सगळा नौपाडा म्हणत होता. मास्तर आणि ही विहीणबाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

मास्तरांना मी ओळखत होते. सुधारक माणूस. छातीपर्यंत दाढी, खादी, देवाधर्माचं अवडंबर नाही, दोन्ही मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवलेलं. दाढी चळवळीत वाढवली ती तशीच राहिली म्हणे.

भूल कुठलीही असो, आधी अंगावरचे दागिने उतरवायचे हा आमचा नियम. ते काम आयाबाईंचं. त्या माजिवड्याच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या, तोंडाने एकदम सडेतोड. मुलीच्या कानातल्या मोत्याच्या कुड्या काढता काढता त्या थबकल्या आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "बाय, हिच्या कानाला भोकंच नाय! चिमटीवर लावलेल्या हायत. आमचेकडं तान्ह्या पोराचे पण कान टोचतात!"

आता माझं पहिलं मत काय झालं ते ऐका. मला वाटलं, वा, मास्तर! याला म्हणतात सुधारणा! नुसतं बोलून मोकळे झाले नाहीत, करून दाखवलं. मला खरंच कौतुक वाटलं. आमच्यासारख्या पांढरपेशांची हीच तर खोड. एखादी विपरीत गोष्ट शिकलेल्या माणसाच्या घरात दिसली की ती तत्त्वाची, आणि आयाबाईंच्या घरात दिसली की अडाणीपणाची.

मग माझं लक्ष तिच्या दंडाकडे गेलं. सकाळी नर्सने कळा सोसायला म्हणून एक इंजेक्शन दिलं होतं. तिथे आमसुलाच्या रंगाची, वाटी पालथी घातल्यासारखी सूज. मी बोटाने दाबून पाहिली, तशी मुलगी कळवळली. सुईचं साधं टोचणं, आणि आत एवढं रक्त साकळलेलं.

तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं. नाक न टोचणं मी समजू शकत होते. माझं नाकही वडिलांनी टोचू दिलं नव्हतं, त्यावरून ते आजीशी महिनाभर भांडले होते. पण त्याच माझ्या वडिलांनी बाराव्या दिवशी सोनाराला घरी बोलावून माझे कान टोचून घेतलेच. कान कुणी सोडतं का? कुठल्याही सुधारकाने सोडलेले मी पाहिले नव्हते. टोचायची भीती असल्याशिवाय कोण सोडेल?

मी तिच्या तोंडाशी वाकले. "अगं, तुझे कान का टोचले नाहीत? टोचलं की तुझं रक्त थांबत नाही का? घरात आणखी कुणाला असं होतं?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. दारापलीकडे सासू होती. मग कळ आली, ती ओसरेपर्यंत तिने माझं मनगट धरून ठेवलं, आणि अगदी हळू म्हणाली, "लग्नाआधी बाबांनी शपथ घातलीय मला. तुम्ही बाबांना विचारा. ते सांगतील."

मी बाहेर गेले. आणि इथे मी जो मूर्खपणा केला त्याचा मला आजही राग येतो. मास्तरांना बाजूला बोलवायचं सोडून मी तिथेच, विहीणबाईंच्या समोर, उभ्या उभ्या विचारलं, "मास्तर, तुमच्या घरात रक्त न थांबण्याचा काही आजार आहे का? मुलीचे कान टोचलेले नाहीत." शपथ घातलीय हे आत्ताच ऐकून आलेले, कुणापासून लपवायचंय हे कळत होतं, तरी विचारलं. दमलेलं माणूस असंच वागतं. जवळचा रस्ता धरतं.

मास्तरांनी दाढीवरून हात फिरवला. एकदा विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे बघत होत्या.

"आमच्याकडे ती प्रथा नाही," मास्तर म्हणाले. "तत्त्व म्हणून."

"मास्तर, पाठीत सुई द्यायची आहे. मी सहज विचारत नाहीये."

"सांगितलं ना, काही नाही तसं."

मी परत आत गेले. मुलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पण तिला काय सांगणार? तेवढ्यात नर्सने तिला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. पाठ आयोडीनने रंगवलेली होती. डॉक्टर हातमोजे घालून सुई घेऊन उभे. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "डॉक्टर, थांबा. मला हिच्या रक्ताची शंका येते. सुईने मणक्यात रक्तस्राव झाला तर त्याला बाहेर पडायला जागा नाही. ते मज्जारज्जूवर दाबेल. मुलीचे पाय जातील."

"रक्त न थांबण्याचा आजार पुरुषांना होतो, बाई. पुस्तक काढून बघा जरा."

"बायकांनाही होतो अशा जाती आहेत त्याच्या. दंड बघा तिचा."

डॉक्टरांनी दंड पाहिला न पाहिल्यासारखा केला. मग नर्ससमोर, आयाबाईंसमोर म्हणाले, "सुई आल्यापासून तुमच्या पोटावर पाय येतोय, मला समजतं ते. पण म्हणून असं काहीतरी काढायचं?"

माझे कान तापले. खरं सांगते, त्यांनी थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. कारण त्या क्षणी मलाच खात्री नव्हती. सुई मला आवडत नव्हतीच की! ती बदनाम झाली तर मला बरंच वाटलं असतं. मग मी ही शंका काढतेय ती मुलीसाठी की माझ्या स्टुलासाठी? वडील स्वतः नाही म्हणतायत, डॉक्टर नाही म्हणतायत, आणि मी कोण? गप्प बसावं असं फार वाटलं. गप्प बसले असते तर कुणीही मला दोष दिला नसता.

पण पाय तिचे जाणार होते.

"मला पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. "कान टोचून बघते. पाच मिनिटांत रक्त थांबलं तर मी तुमची माफी मागेन आणि घरी जाईन."

ही चाचणी कुठल्याही शिकाऊ डॉक्टरला येते. कानाच्या पाळीला बारीक टोचायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने टीपकागदाने थेंब टिपायचा. चांगल्या माणसाचं रक्त तीन-चार मिनिटांत थांबतं. टीपकागद कचेरीतल्या टेबलावरून आणला. नर्सने घड्याळ धरलं. मी मुलीच्या त्या कोऱ्या पाळीला टोचलं. तिने डोळे मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही.

तीन मिनिटं. चार. पाच. कागदावर रुपयाएवढे ठिपके पडत होते, आणि लहान व्हायचं नाव नाही. डॉक्टर हातमोज्यातले हात वर धरून उभे होते आणि भिंतीकडे बघत होते. आठव्या मिनिटाला ते भिंत सोडून कागदाकडे बघायला लागले. मधे दोन कळा येऊन गेल्या, आयाबाई तिची कंबर चोळत होत्या. बाराव्या मिनिटाला एक कागद भरला. पंधराव्या मिनिटाला डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"तुमचा मास्क काढा, बाई," एवढंच म्हणाले.

जिंकले वगैरे काही वाटलं नाही मला. कारण ईथर काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. ईथर खोल गेलं की गर्भाशय सैल पडतं, आणि सैल पडलं की तिथून रक्त वाहतं. धड चांगल्या बाईचंही वाहतं, हिचं काय होईल? म्हणजे मुलगी चिमटा सोसेल इतपत झोपायला हवी आणि गर्भाशय जागं राहायला हवं. त्या दिवशी मी जेवढे मोजून थेंब टाकले तेवढे आयुष्यात कधी टाकले नाहीत. ती कण्हली की दोन थेंब, श्वास जड झाला की मास्क वर. घाम माझ्या नाकावरून तिच्या कपाळावर पडत होता. डॉक्टरांनीही हात अगदी हलका ठेवला. कुठे कात्री लावली नाही. बाळ झालं, मुलगी. रडली. ईथर मी त्याच क्षणी बंद केलं.

वार पडली, इंजेक्शन दिलं, गर्भाशय चेंडूसारखं घट्ट आवळलं. तिथलं रक्त थांबलं. पण चिमट्याने थोडं फाटलं होतं, ते थांबेना. टाके घातले की टाक्याच्या भोकांतून पाझरायचं. डॉक्टर बोळे दाबून बसले. बाळंतिणीचे ओठ पांढरे व्हायला लागले. "ताजं रक्त हवं," ते म्हणाले. "आत्ता, माणसाच्या अंगातून काढलेलं."

मी पुन्हा व्हरांड्यात. "मास्तर, नात झाली. पण मुलीला रक्त द्यावं लागणार आहे. तुमचा गट तपासायला चला."

मास्तर ताडकन उठले, सदऱ्याची बाही वर सरकवली, दोन पावलं आले. आणि तिथेच थांबले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं घाबरले. बरेच बाप घाबरतात.

"माझं चालणार नाही," ते म्हणाले. "माझ्याच रक्तात आहे ते. माझ्या बहिणीचं नाक टोचलं, सात वर्षांची होती, चौथ्या दिवशी गेली ती. मला वस्तरा लागला की दिवसभर रक्त थांबत नाही. म्हणून ही दाढी. चळवळ कसली नि काय कसली! माझं दिलंत तर ती वाचायची नाही, बाई."

विहीणबाई सगळं ऐकत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाकावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड घेतलं. विहीणबाई उठल्या, पदर खोचला, आणि मला म्हणाल्या, "माझं बघा."

त्यांचं जुळलं. पहिली बाटली त्यांची, दुसरी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःची दिली. तेवढं मात्र त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. दुसरी बाटली संपत आली तेव्हा पाझर थांबला.

पण मला सांगायचंय ते पहिल्या बाटलीबद्दल. विहीणबाई खाटेवर आडव्या, मी शेजारी, रक्त गोठू नये म्हणून बाटली हलवत उभी. मला त्यांची दया आली होती. फसवणूक झाली बिचारीची, असं वाटत होतं. मी म्हटलं, "तुम्हाला हे आजच कळलं. धक्का बसला असेल."

"आज कसलं?" त्या छताकडे बघत म्हणाल्या. "साखरपुड्याला कुड्या मीच घालायला गेले. पोरीने कान मागे घेतला. माझ्या बोटाला भोक लागलंच नाही. तेव्हाच काय ते समजले."

बाटली माझ्या हातात थांबली. "मग मघाशी मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? तुमच्या समोर विचारलं मी! ती सुई जाणार होती तिच्या पाठीत!"

"माझ्या मुलाला लहानपणापासून फिट येते," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी ते कधी विचारलं नाही. मग मी हे कुठल्या तोंडाने विचारू?"

म्हणजे तो बाक. त्या बाकावर दोघं बसले होते आणि दोघांनाही माहीत होतं. मी समोर उभी राहून विचारलं, आणि दोघंही गप्प राहिले. तिला आत कुशीवर वळवत होते, आणि हे दोघं एकमेकांची अब्रू सांभाळत होते. मला इतका संताप आला की बाटली भिंतीवर फेकावीशी वाटली. पण त्या बाटलीत तिचं आयुष्य होतं. मी हलवत राहिले.

"तुमचं लग्न झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नाही कळायचं तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. हात मात्र त्यांनी बाटली भरेपर्यंत जराही हलवला नाही.

पुढे वर्षानुवर्षं मी भूल देत राहिले. कधी जेवलात, दात हलतो का, दमा आहे का, हे प्रश्न आधीही विचारायची. त्यात एक वाढला, तो सासर-माहेर दोन्हीकडच्यांना बाहेर काढून विचारायचा. किती खरी उत्तरं मिळाली कोण जाणे. मोठ्या डॉक्टरांनी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. तिकडे कोणी काय सांगितलं, काय नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचं त्राण नव्हतं म्हणा किंवा धीर नव्हता म्हणा.

त्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी मुलीला घरी सोडायचं होतं. मी सहज डोकावले. ती उशीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर. अजून पांढरीफटक, पण हसत होती. मी पाय हलवून दाखव म्हटलं, तिने दोन्ही पायांची बोटं नाचवून दाखवली.

"बाई," ती म्हणाली, "मला ना त्या दिवशी आधी फार भीती वाटत होती. शपथ मोडता येईना, आणि सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मग तुम्ही बाबांना विचारायला गेलात, आणि परत आल्याबरोबर माझा कान टोचलात. तेव्हा मी म्हटलं, झालं, सांगितलं बाबांनी. मग भीती गेलीच माझी. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सांगितलं ना त्यांनी?"

तेवढ्यात दारात मास्तर आले, हातात डबा. त्यांनी ऐकलं होतं. ते तिथेच उभे राहिले, आत येईनात. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे बघत होते. अशा नजरेने कुणी मोठ्या माणसाने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"हो ग," मी म्हटलं. "विचारल्याबरोबर सांगितलं."

मास्तर आत आले. डबा स्टुलावर ठेवला, झाकण काढायला गेले तर ते त्यांच्याने निघेना. मी काढून दिलं. "पेज आहे," ते मुलीला म्हणाले. "गरम आहे तोवर खा." आणि बाळाकडेही न बघता बाहेर निघून गेले.